तारकर्लीचा किनारा आणि त्याची माणसे

यवतमाळ, प्रतिनिधी - यवतमाळ जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा एकही थेंब अरबी समुद्राला मिळत नाही. उत्तर-पूर्वेची वर्धा आणि दक्षिणेची पैनगंगा या दोन नद्या जिल्ह्याचे सारे पाणी गोळा करतात, पुढे ते प्राणहितेत व गोदावरीत जाते आणि आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते. माणसांचा ओघ मात्र नेमका उलट दिशेचा आहे. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली की यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील कुटुंबे धामणगाव वा वर्धा गाठतात आणि पश्चिमेकडे निघतात. पूर्वी या प्रवासाचा शेवट मुंबईच्या चौपाटीवर किंवा फार तर अलिबागला होत असे. आता तो सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली आणि देवबाग येथे होऊ लागला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे आली आणि आपला कापूस मुंबईच्या बंदराच्या वाटेला लागला. कापूस पिकविणाऱ्याला समुद्र पाहावयास मिळण्यास त्यानंतर पुष्कळच वर्षे लागली.

जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना किल्ला, स्कूबा आणि सुरमई या तीन गोष्टींची माहिती असते. ज्यांच्या घरात आपण उतरणार, ज्यांच्या होडीत बसणार आणि ज्यांच्या शब्दावर विसंबून पोरांना पाण्यात सोडणार, त्या माणसांविषयी मात्र फारशी कल्पना नसते. तारकर्ली हे बड्या हॉटेलांनी वसविलेले ठिकाण नाही. तेथील पर्यटन ही मुख्यतः मासेमारी आणि माडबागायती करणाऱ्या कुटुंबांनी अंगणात थाटलेली गोष्ट आहे, म्हणून ही ओळख महत्त्वाची ठरते.

नकाशा आधी समजून घेतला पाहिजे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा लाभला असून १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा देण्यात आला. पुढच्याच वर्षी, म्हणजे जानेवारी १९९८ मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळ स्थानकावर उतरून तासाभरात मालवण गाठणे शक्य झाले. मालवण हे बंदराचे व बाजाराचे गाव. तेथून दक्षिणेकडे जाणारा रस्ता वायरी, तारकर्ली अशी गावे मागे टाकीत देवबागला संपतो. संपतो म्हणजे खरोखरीच संपतो. पुढे कर्ली नदीचे मुख आहे. देवबाग ही वाळूची एक लांबट जीभ असून तिच्या पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्लीची खाडी आहे. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे, की एकाच घराच्या पुढच्या दारी लाटा आणि मागच्या दारी खाडीचे संथ पाणी. येथे माडाच्या बागेला आणि घरवस्तीला मिळून 'वाडी' म्हणतात. आपली राहण्याची खोली बहुधा अशाच एखाद्या वाडीत असते.

ओरडणारा तांडेल

होडीवरच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणारा, डॉल्फिन दाखविणारा किंवा संगमावर फिरविणारा माणूस हा आज पर्यटकांचा वाटाड्या असला, तरी त्याचे शिक्षण मासेमारीत झालेले असते. या किनाऱ्यावर मासेमारी करणारा प्रमुख समाज गाबीत. हा माणूस ओरडून बोलतो. त्याच्या आवाजाने आपल्याकडील मंडळी प्रथम दचकतात आणि मागाहून रागावतात. पण वाऱ्यात आणि इंजिनाच्या घरघरीत या टोकावरून त्या टोकाला हाक पोचविण्याची ती सवय आहे, त्यात उर्मटपणा नसतो. होडीत उभे राहू नका, एका बाजूला गर्दी करू नका, जाकीट काढू नका, हे तो तिसऱ्यांदा सांगतो तेव्हा त्याचा स्वर चढलेला असतो, आणि तो चढलेलाच बरा.

कारण या पाण्याने माणसे घेतली आहेत. १५ एप्रिल २०१७ रोजी वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीस आलेले आठ विद्यार्थी बुडून मरण पावले. २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणाऱ्या वीस पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. विहिरीत, धरणाच्या पाण्यात किंवा पैनगंगेच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसाचा समुद्रात एक घात ठरलेला असतो. आपल्याला पोहता येते, असे त्याला वाटते.

विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. नदीचे पाणी एकाच दिशेने जाते व ती दिशा दिसते. समुद्राचे तसे नाही. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेले पाणी कोठून तरी परत जावेच लागते. वाळूच्या उंचवट्यांमध्ये जेथे खोलगट पट्टा मिळतो, तेथून ते एकवटून वेगाने आत ओढले जाते. अशा पट्ट्यावर लाटा कमी फुटतात, पाणी शांत भासते आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. ओढ लागली की तो किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हातपाय मारतो, दमतो आणि बुडतो. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते आणि तिची रुंदी थोडी असते. म्हणून तिच्याशी झुंजू नये. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर असे आडवे पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यावे व मग लाटांबरोबर परतावे. न जमल्यास हात वर करून मदत मागावी. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला किंवा होडीवाल्याला जागा विचारणे. विचारणाऱ्याला येथे कोणी हसत नाही. देवबागच्या संगमावर तर ओहोटीच्या वेळी खाडीचे सारे पाणी समुद्राकडे धावत असते. ती जागा पाहण्याची आहे, पोहण्याची नव्हे.

तांडेलाचे घड्याळ पंचांगात असते, हीही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला नवी. समुद्राला साधारणपणे दिवसातून दोनदा भरती येते व दोनदा ओहोटी, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. गावागणिक यात थोडाफार फरक पडतो, पण सहलीचा बेत आखण्यास एवढे पुरते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येऊन भरती मोठी होते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ती लहान होते, तिला भांग म्हणतात. पोळा आणि अक्षय्यतृतीया पाहण्यासाठी पंचांग उघडणाऱ्या शेतकऱ्याने तेच पुस्तक येथे अशा कामी लागताना पाहावे.

रापणीचा दोर

पहाटे किनाऱ्यावर गेल्यास, आणि नशीब असल्यास, रापण पाहावयास मिळते. होडीतून एक भले मोठे जाळे अर्धवर्तुळाकार सोडीत नेतात. दोराचे एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती असते, होडी वळसा घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते आणि दुसरे टोक दुसऱ्या तुकडीच्या हाती देते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढू लागतात आणि ओढता ओढता एकमेकांच्या जवळ सरकतात. तास-दोन तासांनी जाळ्याचा घोळ वाळूवर येतो. त्यात बांगडे, तारली, पेडवे, कधी मोठे घबाड, कधी नुसते शेवाळ. तेथेच लिलाव होतो आणि तेथेच वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्या हाताचा वाटा. एकट्याने करता येत नाही असे हे काम असल्यामुळे रापणीचे संघ असतात आणि भांडणेही संघातच मिटवावी लागतात.

पर्यटक दोराला हात लावतो, छायाचित्र काढतो व निघून जातो. रापणकर त्याला अडवीत नाही. पण या दोरामागे एक मोठा तंटा आहे, तो समजल्याविना येथील माणसाच्या बोलण्यातला कडवटपणा उमगत नाही. रापण किनाऱ्याजवळ आलेला मासा पकडते. पर्ससीन जाळे लावणाऱ्या यांत्रिक नौका खोल पाण्यात माशांचा थवाच्या थवा घेरून उचलतात. रात्री पाण्यावर एलईडी दिव्यांचा झोत टाकून मासा गोळा करण्याचा प्रकारही पुढे सुरू झाला. मासा किनाऱ्यापर्यंत पोचण्यापूर्वीच संपतो, असे पारंपरिक मच्छिमारांचे म्हणणे असून त्यासाठी मालवणात वर्षानुवर्षे मोर्चे आणि आंदोलने झाली. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. १९८१ च्या मूळ राज्य कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा वाढल्या. तरीही रात्रीच्या समुद्रावर पहारा ठेवणे हे जमिनीवरच्या पहाऱ्याहून अवघड असते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणजे पर्यटन येथे हौसेने आलेले नाही. ज्या घरातील दोन हात रापणीला होते, त्यातील एक हात खोल्या भाड्याने देण्याकडे वळला, कारण दोराच्या वाट्यात घर चालेना. कापसाच्या भावाने आणि पावसाने हैराण झालेल्या आपल्या भागातील शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की त्याच्या बांधावर पर्यटक येत नाहीत.

घराची मालकीण

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास तारकर्लीत आहेत, हाऊसबोटीही आणल्या गेल्या. पण बहुसंख्य पर्यटक उतरतात ते घरगुती खोल्यांत. महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने अशा घरांना पाहुणे घेण्याची वाट दाखविली. व्यवहार पुरुष पाहतो असे वाटते, प्रत्यक्षात घर चालविते ती बाई. तिला वहिनी, काकी किंवा आजी म्हणावे. 'मॅडम' म्हटल्यास ती ओशाळते. सकाळी किती माणसे जेवणार हे ती विचारते, ते खरे सांगावे. तिचा मासा सकाळच्या लिलावातून यावयाचा असतो आणि दुपारी एक वाजता फर्माईश केलेली सुरमई तिला कोठून आणता येणार? ताटात जे येते ते त्या दिवशीच्या समुद्राने दिलेले असते. कोळंबीला येथे सुंगटा म्हणतात, शिंपल्यांतल्या तिसऱ्यांचे सुके होते, बांगड्याच्या आमटीत तिरफळे पडतात. सोमवारी पुष्कळ घरांत मासा शिजत नाही, तेव्हा हट्ट धरू नये.

शाकाहारी मंडळींनी उगाच धास्तावू नये. काळ्या वाटाण्याचे सांबारे, आंबोळी, घावन, नारळाच्या गोड रसात बुडविलेली खापरोळी, फणसाची भाजी, एवढे असताना पनीरची चौकशी करणे हा त्या स्वयंपाकघराचा अपमान आहे. वऱ्हाडी जिभेला मात्र एक सूचना. लाल तर्रीची अपेक्षा ठेवून आलेल्याला मालवणी रस्सा प्रथम सौम्य वाटतो, कारण खोबरे तिखटाला आवरते. दोन दिवसांनी सोलकढीची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली जाते, हे आमच्याच एका सहकाऱ्याच्या बाबतीत पाहिले आहे.

या घरांना कायद्याची एक टांगती तलवार आहे. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून लागू असून २०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. भरतीरेषेपासून ठराविक अंतरात नवे बांधकाम करता येत नाही. ग्रामीण किनाऱ्यावर हे अंतर सर्वसाधारणपणे २०० मीटर आहे. दाट लोकवस्तीच्या गावांसाठी २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटरपर्यंत खाली आणले आणि स्थानिकांना राहत्या घरात पर्यटक ठेवण्यास वाव दिला. देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीत समुद्राकडून आणि खाडीकडून अशी अंतरे मोजू लागल्यास मध्ये उरते तरी किती, हा तेथल्या माणसाचा प्रश्न आहे. नियम नकोत असे मात्र म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०१९ मधील क्यार आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांनी हा किनारा झोडपला तेव्हा पाणी वाडीत शिरले, माड आडवे झाले. पावसाळ्यात वाळू खरवडून नेणारा समुद्र आणि त्याला अडविण्यासाठी रचलेले दगडी बंधारे, हे देवबागचे कायमचे दृश्य झाले आहे. कर्लीच्या मुखाशी वर आलेल्या वाळूच्या एका बेटाला लोक 'सुनामी आयलंड' म्हणतात. २००४ च्या सुनामीत ते वर आले, असे सांगितले जाते. नदीच्या मुखाशी वाळूचे असे दांडे एरवीही बनतात आणि मोडतात, पण नाव चिकटले ते चिकटले.

पाण्याखालचे गाव

मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे. याच कारणाने १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा परिसर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आला. आपली मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छिमारांनी त्याला कडवा विरोध केला आणि पुष्कळ काळ हे अभयारण्य कागदावरच राहिले. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्यालगतच्या गावांत ज्यांनी वनखात्याविषयीचे बोलणे ऐकले आहे, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. गंमत अशी की ज्या प्रवाळाच्या रक्षणाला विरोध झाला, तेच प्रवाळ दाखवून आज अनेक घरांतील तरुण स्कूबाचे मार्गदर्शक म्हणून पोट भरतात. तारकर्लीत महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. पाण्याखाली नेणारा हा मुलगा खुणांनी बोलतो. अंगठा वर केला तर आपल्याकडे 'छान', पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या'. ही एक खूण नीट पाठ करून उतरावे. प्रवाळावर पाय ठेवू नये. दगडासारखे दिसत असले तरी ते जिवंत प्राण्यांचे घर असते आणि त्यांतील काही जाती वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढतात.

किल्ल्याविषयी सर्वांना माहिती असते, त्यामुळे थोडक्यात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने कुरटे बेटावर बांधकामास आरंभ झाला आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. आत श्री शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असता मध्ये गोडे पाणी कसे, हा प्रश्न उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना हमखास पडतो. बेटावर पडलेले पावसाचे पाणी खडकात झिरपून साठते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर टिकून राहते. उपसा बेताचा असेल तोवरच ते गोडे राहते, हेही ओघानेच आले. जवळच राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या जागी २०२५ मध्ये नवा उभारण्यात आला. तीन शतके लाटा झेलणारा तट समोरच आहे, अधिक काय लिहावे!

बोलणे आणि गाऱ्हाणे

कोकणातली वल्ली म्हटली की मराठी वाचकाला पुलंचा अंतू बर्वा आठवतो. पण तो रत्नागिरीचा. मालवणचा माणूस त्याहून वेगळा. त्याचा तिरकसपणा मोकळा आहे आणि शिवी ही त्याच्याकडे पुष्कळदा मायेची असते. मालवणजवळच्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी यांनी गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'मधून ही बोली १९८० पासून राज्यभर नेली. विदर्भातल्या प्रेक्षकालाही ती कळली, कारण आपले 'काऊन' आणि त्यांचे 'कित्याक' या दोहोंतील बेफिकिरी एकच आहे. दोन्ही बोलींना प्रमाण मराठीने बराच काळ हसण्यावारी नेले, हेही साम्य.

दिवसा नारळ उतरविणारा किंवा रिक्षा चालविणारा माणूस रात्री दशावतारात राजा म्हणून उभा राहतो. लिखित संहिता नसते. कथा ठाऊक असते आणि संवाद जागीच रचले जातात. स्त्रीपात्रेही परंपरेने पुरुषच रंगवितात. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि पेटारा उचलून मंडळी पुढच्या गावाला. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण त्यांच्यावरूनच पडली आहे. हिवाळ्यात गावोगावच्या जत्रांत हे प्रयोग फुकट पाहावयास मिळतात. यजमानाला विचारावे, आज कोठे आहे ते तो सांगेल. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख मात्र कोणालाच आधी सांगता येत नाही. ती पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि ठरली की मुंबईतील चाकरमान्यांची आरक्षणासाठी झुंबड उडते.

एखाद्या देवळात गाऱ्हाणे ऐकावयास मिळाल्यास थांबावे. गावाचा मानकरी देवासमोर उभा राहून गावावरची संकटे, येणारे-जाणारे, रोगराई, पाऊसपाणी यांची यादी मालवणीत मांडतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. देवाशी ही बोलणी अदबीची असली तरी लाचारीची नसतात, कामाची असतात.

मुक्कामाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. मेअखेरीस किल्ल्याची व सागरी खेळांची होडी वाहतूक बंद होते आणि ती साधारणतः सप्टेंबरच्या सुमारास पुन्हा सुरू होते. यांत्रिक नौकांना जून व जुलैत मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात स्वस्त खोली मिळाली म्हणून गेलेल्यांनी समुद्र खोलीतूनच पाहावा. होड्या वाळूवर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, माणसे जाळी दुरुस्त करीत पडवीत बसलेली असतात आणि एरवी घाईत असणारा तांडेल त्या दिवसांत गप्पांना मोकळा असतो. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, त्यानंतर पुष्कळ होड्या पाण्यात लोटल्या जातात, आणि घराच्या मालकिणीची वही पुन्हा दिवाळीच्या नोंदींनी भरू लागते.